मऊ चाकांचा स्केटबोर्ड

"आधी खांदे वळव. अंग हलकं कर. मग मागचा पाय पुढं रेट अन् वजन मागं ठेव. भ्यायचं न्हाई बरं का, आरोही!"

अभिमन्यूदादाचा हा आवाज अजून माझ्या लाकडात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना स्केटबोर्ड आहे. परळीतल्या आरोहीच्या घरात, दारामागच्या खिळ्याला माझी जागा आहे. तुम्ही म्हणाल, फळीला कसले आले दुःख? पण मला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय चैन पडायचे नाही.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून मला घडवले. खाली चार पांढरी, कडक चाके लावली. त्यांच्यावर बारीक अक्षरांत ९९ हा आकडा होता. आकडा मोठा तर चाक कडक, आकडा लहान तर चाक मऊ. एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच आले.

आरोहीचा चुलतभाऊ अभिमन्यू पुण्याला शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मला घेऊन आला आणि महिनाभर आठवीतल्या आरोहीला पॉवरस्लाइड शिकवत राहिला. उतारावरून वेगात येताना मला एकदम आडवे करायचे, चारही चाके रस्त्यावर खरवडत घसरवायची आणि वेग मोडला की पुन्हा सरळ व्हायचे. मला दुसरा ब्रेक नाही. हाच माझा ब्रेक. जाताना दादा मला तिलाच देऊन गेला.

आरोहीने त्याचा नेमच धरला. तिची आई कौशल्याबाई रोज सकाळी अंघोळ करून एकशे आठ मण्यांचा जप करतात, तशी ही रोज सकाळी अकरा वेळा घसरायची. दहाव्या वेळेस ढोपर फुटले तरी अकरावी व्हायचीच.

शेजारच्या चंद्रभागाबाई ओट्यावरून म्हणायच्या, "कौशल्ये, फळीवर दळण ठेवून गिरणीला जाऊन ये म्हणावं पोरीला. तेवढाच काही उपयोग!"

"गिरणी कशाला लागती मावशी? रस्त्यातच पीठ सांडून येईल ती," कौशल्याबाई हसून म्हणायच्या.

आमच्या गल्लीपुढचा रस्ता उताराचा आहे. त्यावरून वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या जातात. दारातली तुळस दिवसातून दोनदा धुवावी लागते, मग रस्त्याची काय कथा? त्या राखेच्या थरावर मी अलगद घसरायचो. महिन्याभरात आरोही पटाईत झाली. गल्लीतली पोरे टाळ्या वाजवू लागली आणि मी फुगून गेलो. खरे सांगू? त्यातले निम्मे श्रेय राखेचे होते. पण कौतुक कानावर पडत असताना हे सुचते कोणाला?

माझ्या कडक चाकांचा खडखडाट मात्र फार. तो दाराशी आला की कौशल्याबाईंचा जप अडखळे. बोटातला मणी जागीच थांबे. आरोहीने ते पाहिले आणि दादाला फोन लावला, "आवाज न करणारी चाकं धाड."

पुण्याहून चार जाड, नारिंगी चाके आली. आकडा होता ७८. आरोहीने आवाज पाहून चाके निवडली, काम पाहून नाही. हेतू चांगलाच होता, मित्रांनो. म्हणून तर मला जास्त वाईट वाटते.

ती चाके बसवायला आम्ही ख्वाजाचाचांच्या गॅरेजवर गेलो. त्यांचे घर गॅरेजच्या मागेच. त्यांची मुलगी जिनत आरोहीच्या वर्गातली, जिवाभावाची मैत्रीण. शाळा सुटली की ती वडिलांच्या हाताखाली नट खोलायचे पाने धरून बसायची, आणि मोठेपणी हेच गॅरेज चालवायचे असे तिने ठरवून टाकले होते. त्या दिवशी ती दुकानात नव्हती. चाचांनी नव्या चाकात अंगठ्याचे नख रोवले.

"नख रुततंय बेटा यात. हे चाक रस्ता धरून ठेवतंय. सरळ फिरायला लई बढिया. पण आडवं करू नको. खाडकन थांबंल अन् तू उडशील. घसरायचं असंल तवा ये, जुनी कडक चाकं लावून देतो. कबूल?"

"कबूल, चाचा."

दुसऱ्याच दिवशी तिने मला आडवे केले. राखेवर मऊ चाकेही घसरली. "चाचा उगाच भितेत," ती म्हणाली. मला धस्स झाले, पण फळीला तोंड नाही.

पुढे जिनतलाही शिकायची हौस आली. पलीकडच्या वसाहतीत नवा सिमेंटचा रस्ता झाला होता. राखेच्या गाड्या तिकडे फिरकत नाहीत. रस्ता कसा ताटासारखा स्वच्छ. उताराच्या माथ्यावर आरोहीने मला जिनतच्या पायाशी ठेवले.

"नवी चाकं मऊ हाईत ना गं?" जिनत म्हणाली. "चालतंय ना?"

"मी रोज करते की. तू भितीस कावून?"

"भिते कोण? मी ट्रॅक्टरचं चाक खोललंय. तुझी ही भोपळ्याएवढी बी न्हाईत!"

दोघी खिदळल्या. मग जिनत निघाली. आरोहीने शिकवले होते तसे मधोमध येताच तिने खांदे वळवले, मला आडवे केले. चाकांनी सिमेंट घट्ट पकडले. मी जागच्या जागी थांबलो आणि जिनत माझ्यावरून पुढे फेकली गेली. कोपर खाली आले. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

ती उठून बसली. तोंड पांढरेफटक. "आरोही, माझा हात वाकडा दिसतोय, का मीच वाकडी बसलीय गं?"

आरोहीला हसू आले नाही.

दवाखान्यात जिनतच्या हाताला प्लॅस्टर घालत होते. बाहेर तिची आई अमीरबी धावत आली. "फळी कुणी दिली हिला?"

चाचा आरोहीकडे पाहत होते. त्यांना दिलेला शब्द तिला आठवला असणार. तिच्या तोंडून निघून गेले, "मी न्हाई दिली, चाची. तिनं मला न विचारता नेली."

एवढे एकच वाक्य, मित्रांनो. जिनतच्या हातापेक्षा जास्त काहीतरी त्याने मोडले.

अमीरबीने ठरवून टाकले. जिनतचे गॅरेजवर बसणे बंद. पोर गॅरेजवरच्या पोरांत राहून बिघडली, चोरी शिकली. येत्या शुक्रवारी तिला केजला मावशीकडे धाडायचे, शाळाही तिकडेच.

आरोही मला काखेत घेऊन तिला भेटायला गेली. जिनत खिडकीत बसली होती.

"तू खरं सांगितलं न्हाईस का त्यांना?" आरोहीने हळूच विचारले.

"सांगितलं की. अम्मी म्हणती, पडल्यावर सगळेच दुसऱ्याचं नाव घेतेत." ती प्लॅस्टरकडे पाहत राहिली. "हात जुळंल गं. पण अब्बू माझ्याकडं बघत बी न्हाईत. पाना लागला तर मला न सांगता स्वतः उठून घेतेत."

"मी सांगते. शुक्रवारच्या आत. शब्द हाय माझा."

जिनतने दुसऱ्या हाताने खिडकी लोटून घेतली.

सोमवारी आरोही गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परतली. मंगळवारी तिने मला खिळ्याला अडकवले ते अडकवलेच. बुधवारी ताटातली भाकरी तशीच राहिली. कौशल्याबाईंनी ताट उचलले नाही, लेकीजवळ बसल्या.

"काय असंल ते बोलून टाक, बाई. देवापुढं दिवा लावायचा अन् मनात अंधार ठेवायचा, हे काही खरं न्हाई."

आरोही भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली कसली, पडून राहिली.

मित्रांनो, मी तर लाकूड. चीर गेली तर मला कोणी फेकूनही देईल. पण तुमच्या हाती माझा एखादा भाऊ आला तर एवढे करा. चाकांना नख लावून पाहा. नुसते फिरायचे असेल तर मऊ चाके घ्या, घसरायचे असेल तर कडक. राखेवर जमले म्हणजे सगळीकडे जमले, असे समजू नका. आणि जाणत्या माणसाला 'कबूल' म्हटले असेल तर ते पाळा. नाही पाळता आले, तर निदान त्याचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका. ही मुक्या फळीची हात जोडून विनंती आहे, हात नसले तरी.

आज गुरुवार. सकाळी आरोहीने अंघोळ केली, वेणी घातली आणि मला खिळ्यावरून काढले. मला वाटले, उतारावर जायचे. पण तिने मला खाली ठेवलेच नाही.

"कुठं गं एवढ्या सकाळी?" स्वयंपाकघरातून आईने विचारले.

"जिनतच्या घरी. चाचांना अन् चाचींना एक सांगायचंय."

"मी येऊ का संगं?"

"नको, आई. माझं मलाच सांगायचंय."

आई दारापर्यंत आली. आरोहीने चपला घातल्या. मला छातीशी धरले तेव्हा तिचे काळीज किती जोरात उडत होते, ते फक्त मला कळले. मग उंबरा ओलांडून ती गॅरेजच्या दिशेने चालू लागली.