मंगळवारचा धूर

"सोम, मंगळ, बुध," मुकादम बुअज्जानं हमामाच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, दारावर कागद चिकटवला आणि तळहातानं दाबून घेतला. "तीन दिवस बंद. पाशासाहेबांचा हुकूम आहे. माझ्यावर चिडू नका."

"तुझ्यावर चिडून कोणाचं भलं झालंय?" हमामात बायकांना न्हाऊ घालणारी इत्तो म्हणाली. "वीस वर्षं तुझ्या आईचं अंग चोळतेय मी. तिला काय सांगू? मळ गुरुवारपर्यंत जपून ठेव म्हणून?"

"विहिरी आटल्यात, मावशी. पाण्याचाच प्रश्न आहे."

"आणि पाशाच्या अंगणातल्या हिरवळीला नाही का रे सोमवार-मंगळवार?"

बुअज्जा हसला, पण ते ओठांपुरतंच. पाशाचा, म्हणजे गावच्या कारभाऱ्याचा, शब्द गल्लीत आणायचा आणि गल्लीचं गाऱ्हाणं पाशाकडे न्यायचं, हे त्याचं काम. दोन्हीकडून त्याच्या वाट्याला शिव्याच येत.

काजळीनं माखलेला अल्लाल इतका वेळ मागं उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो कागदाकडे बोट करून म्हणाला, "विस्तवाचं काय लिहिलंय?"

"विस्तवाचं?"

"पाणी उपसायचं नाही, ते कळलं. विस्तवाचं काय?"

बुअज्जानं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "विस्तवाचं काहीच नाही, बा अल्लाल."

अल्लाल हमामाचा भट्टीवाला. हमामाच्या पाठीमागच्या बोळात पाच पायऱ्या उतरून गेलं की त्याचं बिऱ्हाड: भट्टी, लाकडं, ऑलिव्हच्या चोथ्याची पोती आणि एक स्टूल. एकतीस वर्षं त्याचा दिवस तिथंच मावळला. भिंतीपलीकडे गरम खोली. तिथं बायका असताना अल्लालनं कधी डोकावलं नाही, पण भिंतीवर इत्तोचा ठोका एकदा आला की लाकूड वाढवायचं, दोनदा आला की पुरे, एवढं त्याला ठाऊक होतं. वीस वर्षांत दोघांचं जेवढं बोलणं झालं, त्यातलं बरंचसं असं भिंतीतूनच झालं होतं. त्याला त्या ठोक्याची गरजही होती. निखारे उचलून उचलून त्याच्या हातांची कातडी मेली होती. पाणी गरम आहे की गार, हे त्याला बोटांनी कळेनासं होऊन दहा वर्षं झाली होती.

पाणी खरंच संपत चाललं होतं, हे मात्र त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तो कामाला लागला तेव्हा हमामाच्या विहिरीत वाकून पाहिलं की तोंड दिसायचं. आता पंपाचा पाइप सत्तावन्न मीटर खाली गेला होता आणि सकाळी सुरू केला की आधी बराच वेळ गाळ ओकायचा. हुकूम चुकीचा आहे असं अल्लालला वाटलं नाही. तसं पाहिलं तर त्याला काहीच वाटलं नाही.

हमामाची मालकीण हाज्जा झहूर म्हणाली, "तीन दिवस विझवून टाक. तेवढंच लाकूड वाचेल."

"विझवली तर फरशी तडकेल, हाज्जा. तुमचे मालक गेले तेव्हा चार दिवस बंद होतं, आठवतंय ना? महिनाभर गवंडी बसवले होते."

"मग तुझं तू बघ," ती म्हणाली, आणि त्यानं बघितलं.

दर रविवारी संध्याकाळी बुअज्जा येऊन पंपाला तार गुंडाळायचा आणि शिशाचं सील लावायचा. गुरुवारी पहाटे येऊन तोडायचा. सील लागायच्या आधी अल्लाल हंडा काठोकाठ भरून घ्यायचा. भिंतीत बसवलेला तो तांब्याचा हंडा एका खोलीएवढा होता. रिकाम्या हंड्याखाली विस्तव चालत नाही, बूड जळून जातं. भरलेल्या हंड्याखाली अल्लाल तीन दिवस निखारे राखेत झाकून ठेवायचा, अधूनमधून मूठभर चोथा टाकायचा. फरशी कोमट राही. गल्लीतल्या बायका घेवड्याची मडकी राखेत पुरून जात आणि दुसऱ्या दिवशी शिजलेली घेऊन जात. हमामाच्या धुराड्यातून बारीकसा धूर निघत राही.

तो धूर सगळ्यांना दिसत होता. गावात नळाला दिवसाआड दोन तास पाणी येत होतं. बादल्या मांडून बसलेल्या माणसाला बंद हमामातून धूर दिसला तर तो काय समजेल? हाज्जाच्या श्रीमंत मैत्रिणी मागच्या दारानं येऊन न्हातात, अशी बोलवा उठली. एकीनं तर त्यांचे ओले केसही पाहिले होते. कोणीतरी पाशाकडे अर्ज दिला.

तिसऱ्या मंगळवारी तीन साहेब आले, दोन शिपाई घेऊन. मागोमाग मान खाली घालून बुअज्जा. त्यांनी गरम खोली उघडायला लावली. फरशी कोमट, भिंतींना ओल, हंड्यावर वाफ.

"अंघोळ कोणी केली?" त्यांतल्या इंजिनियरनं विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"मग एवढं पाणी कोणासाठी तापवलंय?"

"हंड्यासाठी," अल्लाल म्हणाला.

इंजिनियरनं वर पाहिलं. अल्लालनं फरशीचं सांगितलं, तड्यांचं सांगितलं, रिकाम्या हंड्याचं सांगितलं. सगळं खरं होतं, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. इंजिनियरनं लिहून घेतलं: हंडा भरलेला, पाणी गरम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुलूप घालून घरी बसला असता तर कुणी विचारलंही नसतं.

मग त्यांनी भट्टी विझवायला सांगितली. अल्लाल जागचा हलला नाही, तेव्हा एका शिपायानं हंड्यातलंच पाणी काढून ओतलं. बादलीमागून बादली. पाणी वाचवायला आलेल्या माणसांनी निम्म्याहून जास्त हंडा राखेत घातला. हमाम पुढल्या हुकुमापर्यंत बंद झाला, आणि पंपाचं सील गुरुवारी तुटलं नाही.

इत्तो ऑलिव्ह वेचायला जाऊ लागली. हाज्जा मुलीकडे शहरात गेली. अल्लाल मात्र रोज सकाळी पाच पायऱ्या उतरून स्टुलावर बसायचा. हंड्यात अजून तिसरा हिस्सा पाणी होतं. त्यानं त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर पोती टाकली. उघडायचा हुकूम आला आणि सील तुटायला एखाद-दोन दिवस लागले, तरी तेवढ्या पाण्यावर भट्टी पेटवता आली असती. बाकी त्याच्याकडे राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एका दुपारी भिंतीपलीकडून ठोका आला. तो उठला, लाकडाला हात घातला, आणि मग त्याला आठवलं, पलीकडे कोणी नव्हतं. तो आवाज फरशी तडकल्याचा होता. बघायला जावं असं त्याच्या मनात आलं नाही. तो पुन्हा स्टुलावर बसला.

पुढच्या मंगळवारी बुअज्जा आला. डोक्याला टोपी नव्हती, हातात दोन रिकाम्या बादल्या होत्या. तो वरच्याच पायरीवर थांबला.

"आई गेली," तो म्हणाला. "पहाटे."

"अल्लाह रहम करो."

"नळाची पाळी उद्या आहे. टँकर परवा. घरात प्यायला दोन कळशा आहेत, शेजाऱ्यांकडेही तेवढंच. दुपारच्या नमाजानंतर न्यायचंय." तो बादल्यांच्या कड्यांशी चाळा करत राहिला. "हंड्यात आहे ना थोडं, बा अल्लाल?"

अल्लालनं पंपाकडे पाहिलं. बुअज्जानंही पाहिलं.

"सील मीच लावलंय," बुअज्जा म्हणाला. "पण हुकुमाशिवाय मला तोडता येत नाही."

"माहीत आहे."

हे पाणी गेलं की हंडा कोरडा. मग हुकूम आला काय नि न आला काय. अल्लालला हे कळत होतं, आणि बुअज्जालाही कळत होतं. म्हणूनच तो खाली उतरत नव्हता.

इत्तो त्याच्या मागून आली. बाह्या वर सारलेल्या होत्या. म्हातारीला धुवायचं काम तिच्याकडेच आलं होतं.

"गार पाणी मी तिच्या अंगावर घालणार नाही," ती अल्लालला म्हणाली. "एवढंसं कोमट झालं तरी माझ्या सात पिढ्या उद्धरायची ती. आता बोलता येत नाही म्हणून तिला फसवू?"

अल्लालनं पोती काढली, फळ्या काढल्या. मग वाकून भट्टीत काटक्या रचल्या, वर ऑलिव्हची लाकडं. काडी लावताना त्यानं बुअज्जाला विचारलं, "धूर दिसेल. चालेल?"

 बुअज्जा बोळाच्या तोंडाशी गेला आणि बादली उलटी करून तिच्यावर बसला. थोड्या वेळानं धुराड्यातून धूर निघाला, आधी काळा, मग पांढरा. समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. त्यांनी धुराकडे पाहिलं, उघड्या डोक्यानं बसलेल्या मुकादमाकडे पाहिलं आणि आत जाऊन, म्हातारीच्या घरी पाणी पोचवायला, आपापल्या घरातल्या रिकाम्या बादल्या आणून त्याच्याजवळ ठेवल्या.

खाली तासभर भट्टी चालली. अल्लालनं हंड्यात हात बुडवला. पाणी ओलं होतं, एवढंच त्याला कळलं. तो बाजूला झाला.

इत्तोनं कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच ठेवला. अल्लाल तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तरी तिनं हात बाहेर काढला आणि वीस वर्षांच्या सवयीनं भिंतीवर दोनदा ठोकलं.

अल्लालनं फावडं घेतलं आणि विस्तव बाहेर ओढायला लागला.