शाबासकीचे कागद

मुलीने उजवा मोजा ओढला, तसा बाबांनी पाय आखडून घेतला.

“राहू दे गं. कागदावर सगळं ठीक आहे.”

कागद फायलीत तारीखवार लावलेले होते. मधुमेहाच्या दवाखान्यात दर महिन्याला संगणकापुढे बसून वीस प्रश्नांची उत्तरे द्यायची. मग तो ज्याला त्याला त्याच्या उत्तरांप्रमाणे सल्ला छापून देई. बाबांच्या नऊही कागदांची सुरुवात एकच होती : ‘शाबास! तुम्ही पायांची उत्तम काळजी घेता.’

ते वाक्य मुलीचेच होते. कोणत्या उत्तरावर संगणकाने काय म्हणायचे, हे लिहिण्याचीच तिची दवाखान्यात नोकरी होती. शेजाऱ्यांना फाईल दाखवताना बाबा म्हणत, “लेकीनं कळवलंय.” जणू ती परगावी असावी. ती वरच्या मजल्यावर राहत होती. खाली येणे महिन्यातून एकदा व्हायचे, तेही घाईत.

“पाय रोज तपासता?”

“रोज.”

“अनवाणी फिरता?”

“छे! आंघोळसुद्धा बूट घालूनच करतो.”

तिने नुसते पाहिले.

“जास्त झालं का?” बाबांनी विचारले.

मोजा निघाला. करंगळी काळीनिळी पडली होती आणि तिच्या बुडाशी जखम ओलसर चमकत होती. तिने तोंड फिरवले नाही.

“कधीपासून?”

“झाले असतील दोन महिने. दुखत नाही म्हणून म्हटलं, असू दे.”

“मग मागच्या महिन्यात मशीनला काय सांगितलंत?”

“चांगलं लिहून देतं गं ते. कशाला मोडता घालायचा?”

पायाखाली स्वच्छ टॉवेल सरकवून तिने दवाखान्यात फोन लावला, आत्ताच आणतेय म्हणून सांगितले. बाबा फायलीची नाडी बोटाला गुंडाळत बसले होते.

“खरं सांगितलं असतं, तर काय छापून आलं असतं?”

तिला ते तोंडपाठ होते : ‘ताबडतोब तपासून घ्या. तुम्ही निष्काळजीपणा केला आहे.’ दुसरे वाक्य लिहिले तेव्हा दवाखान्यातल्या साहेबांनी मान डोलावली होती.

“‘लगेच या’, असं,” ती म्हणाली.

“बस? रागावत नाही?”

“नाही रागावत.”

वाकून, हळूहळू, बाबांनी डाव्या पायातला मोजा स्वतःच काढला.

“मग हाही बघ.”