पिंपातली तुरटी

सकाळी नऊपर्यंत आचलच्या चार उलट्या झाल्या होत्या: तीन बादलीत, एक तिच्या आईच्या, रुख्मिणीवहिनीच्या पदरावर. चौथीत फाटलेल्या दुधाचे गोळे होते आणि भोवतीचं पाणी हिरवट. पोरगी तीन वर्षांची.

"मायच्या हातची घाण गेली पोटात," मोठी आई, म्हणजे माझी काकू आणि वहिनीची सासू कौशल्याबाई, म्हणाली. "रुख्मिणी, तू आठ दिवस रोहण्याले जाय माहेरी. पोरगी माह्याजवळ राहीन."

वहिनी पदर धुवायला गेली.

मोठ्या आईनं पेला भरला. "घे बाई, तांब्याचं पानी. पोट साफ होते."

पाचवी उलटी माझ्या पायावर झाली.

२००४ चा जुलै होता. सिंदी मेघेत नळ एक दिवसाआड आणि गढूळ यायचा. ते पाणी मोठी आई तांब्याच्या पिंपात साठवायची. बाहेरून पिंप चिंचेनं घासून लखलखीत. मी झाकण काढून आत हात घातला. बोटं बुळबुळीत थरात रुतली. आत फडक्यात बांधलेली मुठीएवढी तुरटी लोंबत होती. फडकं निळंहिरवं पडून शेंबडासारखं चिकट झालेलं. तोटीच्या तोंडाशी मोरचुदाच्या रंगाची खपली.

"मोठी आई, ही तुरटी काढत नाई कधी?"

"काऊन काढू? गाळ बसते तिच्यानं."

"अन् पिंप आतून घासत नाई?"

"आतून घासलं तं तांब्याचा गुण जाते. बी.एस्सी. झाली, एवढं नाई शिकवलं तुले?"

मी थेंबभर जिभेवर घेतला. जुनं नाणं चोखल्यासारखी चव आली, मग ओकारी. तुरटीनं पाणी आंबट होतं आणि आंबट पाण्यात तांबं विरघळतं. मोठ्या आईलाही रोज सकाळी मळमळायचं. त्यालाच ती पोट साफ होणं म्हणायची.

नळ नुकताच आला होता. "दोन बाटल्या भरते," मी म्हटलं. "एक नळाची, एक पिंपाची. तपासून येईपर्यंत वहिनीले पाठवू नको. आचलले हे पाजू नको."

"तपास न. दोन्हीत सारखंच निंघन. मंग तं जाईन ना थे?"

"जाईल."

ओला पदर पिळता पिळता वहिनी थांबली.

पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही बाटल्या तीन-तीनदा तपासल्या. शुक्रवारी दोघींना समोर बसवून कागद वाचला.

नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम. पिंपाच्या पाण्यात १२.७.