खारीच्या गोष्टीचं शेवटचं पान

मी एक जुना प्रिंटर आहे. मित्रांनो, माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, पण माझं सगळं आयुष्य गेलं ते सौंसरच्या बसस्टँडसमोर, हेमंतच्या झेरॉक्सच्या दुकानात. नागपूरहून बसच्या डिक्कीत बसून मी इथे आलो. तेव्हा हेमंत गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा, "पाहा, कसा भराभर कागद काढून राहिला!"

मी शेतजमिनीच्या खसऱ्याच्या नकला छापल्या, जातीच्या दाखल्याचे अर्ज छापले. सगळं काम हिंदीत, कारण गाव हिंदी राज्यातलं. मराठी माझ्या वाट्याला यायची ती लग्नपत्रिकेपुरती.

मग एका दुपारी हेमंतच्या बायकोने, भाग्यश्रीने, माझ्यातून स्वतः लिहिलेली एक मराठी गोष्ट काढली. संत्र्यांच्या पेटीत झोपलेली एक खार पेटीबरोबर ट्रकमधून नागपूरच्या मंडीत पोचते आणि एकटी घरी परत येते, अशी ती गोष्ट. शेवटच्या पानावर बोध होता : मोठ्यांना न विचारता कुठेही जाऊ नये. तो लिहून दिला होता तिच्या सासऱ्यांनी, मोरेश्वर गुरुजींनी. ते निवृत्त हेडमास्तर. सुनेच्या लिहिण्याला घरात पहिला पाठिंबा त्यांचाच.

गोष्ट प्रकाशकांकडे जाऊ लागली. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने कळवलं, 'नवीन लेखकाचं पुस्तक सध्या काढत नाही.' भाग्यश्री खट्टू व्हायची, चार दिवस माझ्याकडे फिरकायची नाही, मग पुन्हा वाक्यं बदलून नवी प्रत काढायची.

शेवटी पुण्याहून जयश्रीबाईंचा फोन आला. त्या एका लहानशा प्रकाशनाच्या संपादक होत्या.

"भाग्यश्रीताई, गोष्ट आवडली. आम्ही छापू. फक्त शेवटचं पान काढून टाका. खार घरी पोचली, तिथेच गोष्ट संपते."

आनंदाची बातमी, पण भाग्यश्रीचा चेहरा उतरला. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, कसं सांगायचं? दोन दिवस तिने चालढकल केली. सांगितलं तेव्हा गुरुजी एकदम तापले.

"बोधच नाही, तं गोष्ट सांगता कायले? जिंदगीभर पोरं शिकवली म्या!"

"मामाजी, तुम्ही नाही म्हणान तर मी त्यांना 'नाही' म्हणून कळवते," भाग्यश्री म्हणाली.

गुरुजी विचारात पडले. मग म्हणाले, "पोराइलेच विचारू."

रविवारी हेमंतने दुकानासमोर सतरंजी टाकली. गल्लीतली पोरं जमली. गुरुजींनी गोष्ट स्वतःच वाचायला घेतली, आणि काय वाचली! ट्रक सुटला तेव्हा एका चिमुरडीने फ्रॉकचं टोक तोंडात धरलं. खार संत्र्याच्या झाडावर परतली, तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग गुरुजींनी घसा खाकरून बोध सुरू केला. अर्धी पोरं आपापल्या चपला शोधू लागली. ती चिमुरडी मात्र जागची हलली नाही. तिने मध्येच विचारलं, "पण मंडीत तिनं खाल्लं काय?"

गुरुजी थांबले. हातातलं पान त्यांनी एकदा पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सुनेला म्हणाले, "कळव त्या बाईले. काढून टाका म्हणावं ते पान."

मित्रांनो, पुढे हेमंतने रंगीत प्रिंटर आणला आणि मी खालच्या फळीवर गेलो. धूळ साचली. कागद अडकू लागला. भंगारवाला दोनदा मला उचलून, वजनाचा अंदाज घेऊन गेला.

अशात एके दिवशी पुस्तकांचं पार्सल आलं. मुखपृष्ठावर पेटीतून डोकावणारी खार, खाली भाग्यश्रीचं नाव. गुरुजी दुकानातल्या स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून वाचत गेले. शेवटचं चित्र आलं. त्यांनी पान उलटलं. पुढे कोरा कागद.

"मंग?" ते म्हणाले. "पुढं काय झालं तिचं?"

भाग्यश्री हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "अजून लिहिलं नाही, मामाजी."

"मंग लिही ना!"

दुसऱ्याच दिवशी तिने मला फळीवरून बाहेर काढून पुसलं, अडकलेले कागदाचे तुकडे काढले. मित्रांनो, जुनं यंत्र अडखळलं तर ते भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून पाहत जा. माझ्यातून अजून पुष्कळ पानं निघायची आहेत. नव्या गोष्टीत खार सध्या छिंदवाड्याच्या बसच्या टपावर बसली आहे, आणि तिकडे तिचं कोण आहे, ते भाग्यश्रीलाही अजून ठरवायचं आहे.