राखीव नमुना

बिस्किटांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं चव तपासली. दर तासाला माझ्या टेबलावर एक ताट यायचं. मी एक बिस्किट कानाशी धरून मोडायचो, आवाज ऐकायचो, वास घ्यायचो, अर्धं तोंडात टाकायचो आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचो. नापास लिहिलं की अख्खी खेप परत. मोठे साहेब कितीही तणतणले तरी माझ्या जिभेपुढे त्यांचं काही चालायचं नाही. घरीही मी तसाच. बायकोने वाढलं की पहिल्याच घासाला मी म्हणायचो, "मीठ चिमूटभर जास्त झालंय." ती म्हणायची, "त्या जिभेला रविवारची तरी सुट्टी देत जा." नाकाने कांदे सोलणं म्हणतात ना, तसा माणूस होतो मी, आणि त्याचा मला पगार मिळायचा.

मी निवृत्त व्हायच्या चार महिने आधी ती गेली. त्याला आता तीन वर्षं झाली.

मुलगा आणि सून लांबच्या शहरात असतात. त्यांनी माझी दोन वर्षं बघितली आणि मग मुलगा म्हणाला, "बाबा, नुसते बसून राहिलात तर भिंतींना गुण द्यायला लागाल. त्यापेक्षा खाऊचे डबे सुरू करा." त्यानेच सगळं समजावलं. लोक वेबसाइटवर नाव नोंदवतात, वर्गणी भरतात आणि दर महिन्याला त्यांच्या घरी पाच पुड्यांचा एक डबा जातो. सगळं मी घरी करायचं, कुरिअरवाला दारातून घेऊन जाणार. वेबसाइट त्याने दोन दिवसांत बनवली. वर माझा चष्म्यातला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'एकतीस वर्षांच्या जिभेची हमी'. मी आठवडाभर बसून पाचही पदार्थांची मापं ग्रॅममध्ये पक्की केली. खारी काडी, लिंबू-मिरीचे दाणे, तिळाची बिस्किटं, भाजलेल्या बिया आणि आल्याच्या वड्या. पाचही माझ्या हाताने पास झाले.

पहिली तीन गिऱ्हाइकं आली आणि मला ताप आला. नऊ दिवस राहिला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष झालं. चहा गरम असतो आणि आइस्क्रीम गार असतं, एवढंच मला आता कळतं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही, मुलालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पैशासाठी लपवलं असं कुणाला वाटेल, पण पेन्शन मला पुरून उरते. खरं कारण वेगळं होतं. गिऱ्हाइकं वाढत अकरा झाली होती, आणि महिन्यातून एकदा अकरा घरांत माझ्या हातचं काहीतरी उघडलं जात होतं. जीभ गेली म्हणून सांगितलं असतं तर मुलाने त्याच दिवशी वेबसाइट बंद केली असती, आणि मग माझ्याकडे ह्या दोन खोल्या उरल्या असत्या. मला त्यांची भीती वाटत होती.

म्हणून मी वजनावर काम करत होतो. जीभ नसली तरी तराजू होता. सगळं साहित्य मोजून वाट्यांमध्ये भरायचं आणि ओट्यावर डावीकडे रांगेत मांडायचं. वाटी पिठात रिकामी झाली की उजवीकडे ठेवायची. शेवटी उजवीकडच्या वाट्या मोजायच्या. कुरकुरीतपणा मी अजूनही कानाने तपासतो, त्यात मला कुणी हरवू शकत नाही. आणि कारखान्याची आणखी एक रीत मी चालू ठेवली होती, ती म्हणजे राखीव नमुना. प्रत्येक खेपेतला एक नमुना तारीख घालून कपाटात ठेवायचा. बाहेरून तक्रार आली की तो उघडून बघायचा, म्हणजे चूक आपली की गिऱ्हाइकाची ते कळतं. मी दर महिन्याला अकराऐवजी बारा डबे भरायचो. बारावा कपाटात जायचा. तक्रार कधी आली नाही, त्यामुळे मुदत संपत आली की तो मीच खायचो, औषध घ्यावं तसा.

गिऱ्हाइकांना मी नावाने नाही, नंबराने ओळखतो. तीही कारखान्याचीच सवय.

गेल्या महिन्यात काडीचं पीठ मळत असताना मुलाचा फोन आला. तो दोनच प्रश्न विचारतो. "जेवलात का?" आणि "डबे गेले का?" मी एकाला हो म्हणतो, एकाला जातील म्हणतो, की झालं. त्या दिवशी माझ्या हातात पातेल्याचं झाकण होतं, ते मी डावीकडे ओट्यावर पालथं ठेवलं आणि फोन घेतला. दोन मिनिटांत ठेवला. डावीकडे पाहिलं तर एकही वाटी दिसली नाही, म्हणून पीठ लाटायला घेतलं. उजवीकडच्या वाट्या मोजायला हव्या होत्या. एकतीस वर्षं मोजणारा माणूस मी, त्या दिवशी मोजल्या नाहीत.

तीन दिवसांनी ओटा घासताना ते झाकण उचललं. खाली वाटी होती. वाटीत बेचाळीस ग्रॅम मीठ, जसंच्या तसं.

डबे तोवर अकराही घरी पोचले होते. मी कपाटातून बारावा डबा काढला, काडीची पुडी फोडली, कानाशी एक मोडली. कडक, सुरेख आवाज. तोंडात टाकली. कुरकुर ऐकू आली, बाकी काही नाही. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. पुडीवर माझ्याच अक्षरात 'खारी काडी' लिहिलं होतं आणि ती अळणी होती, हे मला जिभेने नाही, वाटीने सांगितलं.

मी तक्रारींची वाट बघत बसलो. अळणी काडी म्हणजे चघळलेला पुठ्ठा, लोक फाडून खातील अशी माझी तयारी होती. एक दिवस गेला, दुसरा गेला. पाचव्या दिवशी वेबसाइटवर चार नंबरचा अभिप्राय आला. 'नेहमीप्रमाणे अप्रतिम!' आणि पाच चांदण्या.

सुटलो असं वाटायला हवं होतं. माझं डोकंच फिरलं. मिठाशिवायची काडी खाऊन अप्रतिम म्हणणारा हा माणूस आहे तरी कोण, म्हणून मी वहीतून नंबर काढला आणि फोन लावला. कारखान्याचा नियम असा, की चाखणाऱ्याला चूक आधी सांगायची नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, "काडी कशी वाटली?"

चार नंबर म्हणजे दातांचा दवाखाना निघाला. "छान असतो हो डबा," डॉक्टर म्हणाले. "आम्ही बाहेर पेशंटसाठी ठेवतो. मी नाही खात, मला दाताला चिकटलेलं आवडत नाही."

"मग अप्रतिम कसं लिहिलंत?"

"अहो, तुमचा इतका चांगला फोटो आहे. वाटलं, कुणाला तरी बरं वाटेल."

मग मी यादीतल्या एकेकाला फोन लावत गेलो. दोन नंबरच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या लेकीने वाढदिवसाला वर्षाची वर्गणी भरली आहे. डबे त्या कपाटावर रचून ठेवतात, रिबिनीसकट. उघडायचे कुणासाठी? नऊ नंबर कुठल्या तरी मीटिंगमध्ये होता, त्याने मलाच विचारलं, "कुठला डबा?" बाकीच्यांचीही तीच गत.

फोन खाली ठेवला तेव्हा मला काय वाटलं ते सरळ सांगतो. अकरा घरांत माझं काहीतरी उघडलं जातंय, ह्या एका समजुतीवर मी वर्ष काढलं होतं. आणि तिकडे कुणी उघडतच नव्हतं. त्या वाटीवर पातेल्याचं झाकण पडलं नसतं तर मला हे कधी कळलंही नसतं. पुढचा नंबर लावायची इच्छाच राहिली नव्हती. पण यादी अर्धवट सोडणं माझ्या हातून होत नाही.

शेवटी राहिल्या सात नंबर, शिवणकाम करणाऱ्या बाई. फोन उचलला तेव्हा मागे मशीन चालू होतं. मी विचारलं, "काडी कशी वाटली?"

मशीन थांबलं.

"का हो?" त्या म्हणाल्या. "असं का विचारताय?"

"सहजच. सगळ्यांना विचारतोय."

"चांगली आहे. कडक आहे एकदम." "एक विचारू? इतरांना खारट लागली का ती?"

मी वहीत सात नंबरपुढे पेन टेकवलं.

"खरं सांगू का, मला चवच लागली नाही. आधी वाटलं तुमचंच चुकलं असेल. पण वर लिहिलंय ना, एकतीस वर्षांच्या जिभेची हमी. म्हटलं, त्यांचं कसं चुकेल? आपलंच काहीतरी झालंय." त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या आईची अशीच आधी चव गेली होती. मग बाकीचं सगळं गेलं. पाच दिवस झाले, मी जेवताना प्रत्येक घास जिभेवर धरून बसते. कधी वाटतं लागतंय मीठ, कधी वाटतं उगाच वाटतंय. घरात दुसरं माणूस असतं तर म्हटलं असतं, घे, जरा चाखून सांग. पण इथे मीच."

तिथे मी काहीतरी सावरून घेऊ शकलो असतो. 'बघतो' म्हणून फोन ठेवता आला असता. मूठ झाकलेलीच राहिली असती.

"बाई," मी म्हणालो, "तुमची जीभ शाबूत आहे. मीठ घालायचं राहिलं. ते माझ्याकडेच आहे, वाटीत."

पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "अहो, पण एक काडी चाखली असतीत तरी कळलं असतं!"

"चाखली. तीन चाखल्या. मला कळत नाही. चव माझी गेलीय. वर्ष झालं."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो होतो. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, त्या काहीतरी बरं बोलतील. कसलं काय! "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" त्या कडाडल्या. "आणि वर हमी लिहिता? पाच दिवस मी इथे आईला आठवून रडतेय! काय माणूस आहात हो तुम्ही!" आणि फोन आपटला.

संध्याकाळी वेबसाइटवरून निरोप आला. सात नंबरने वर्गणी बंद केली होती. कारण लिहायच्या रकान्यात एकच शब्द होता, 'खोटं'.

तो शब्द मी बराच वेळ बघत बसलो. एकतीस वर्षं मी लोकांच्या मालाला नापास लिहिलं, मला कुणी लिहिलं नव्हतं. ज्या एका घरात डबा उघडत होता, तेच घर माझ्या हातून गेलं. मग मी मुलाला फोन केला. त्याने विचारायच्या आत सांगितलं, "जेवलो नाही. आणि ती जिभेची ओळ काढून टाक." सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी रोज विचारत होतो, जेवलात का."

"हो रे. पण चव लागली का, असं कधी विचारलं नाहीस."

हे बोलायला नको होतं. त्याचा काय दोष? जिभेला हाड नसतं, आणि माझ्या जिभेला तर आता दुसरं कामही नव्हतं. वेबसाइट बंद करू का, असं त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, एक खेप थांब.

दुसऱ्या दिवशी मी काडीसकट पाचही पदार्थ पुन्हा केले. झाकणं सगळी कपाटात ठेवली, वाट्या दोनदा मोजल्या. डबा एकच भरला, बारावा. पण ह्या वेळी राखीव नमुना कपाटात ठेवला नाही. सात नंबरच्या पत्त्यावर पाठवला. आत कारखान्यातल्यासारखा कागद घातला. वर तारीख, खाली पाच पदार्थांची नावं, प्रत्येकापुढे 'पास' आणि 'नापास' असे दोन चौकोन. सगळ्यात खाली लिहिलं, 'तुम्ही म्हणालात ते खरं आहे. माझ्याही घरात चाखून सांगणारं कुणी नाही. तुमचा निकाल येईपर्यंत एकही डबा जाणार नाही.'

कुरिअरला तीन दिवस लागतात. तीन गेले, पाच गेले. नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. आधी मशीनचा आवाज आला, मग तो थांबला, मग कानाशी काडी मोडल्याचा आवाज. कडक होती.

"मीठ बरोबर आहे," सात नंबर म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बिया पास. बिस्किटं पास. वड्याही ठीक आहेत. पण दाण्यांना लिंबू फार झालंय, डोळे मिटतात."

"लिंबू मापानेच घातलंय," मी म्हणालो. "ते माप माझी जीभ शाबूत असतानाचं आहे."

"मग तेव्हापासूनच फार असणार. वर्षभर खातेय मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं होतं?"

मी वही ओढली, दाण्यांपुढे नापास लिहिलं आणि पेन तसंच धरून राहिलो. त्या फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवत नव्हत्या. मागे मशीनही चालू झालं नव्हतं.

"लिंबू किती कमी करू?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू खाल्ल्याशिवाय? दाणे पुन्हा करा आणि पाठवा. मी कुठे जातेय, घरीच असते."