सत्तावीस नक्षत्रांचा कूलर

मे महिन्यातली दुपार. डांबर असं पाघळलेलं की चप्पल उचलली तर रस्ता सोबत येत होता. अशा उन्हात पिपरटोल्यात कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाही. पण त्या दिवशी अख्खं गाव समाजमंदिरासमोरच्या मांडवात कोंबलं होतं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे घामानं भिजलेले आणि तरी खूश.

कारण मांडवात थंडी वाटली जात होती.

वर पाटावर थंडाबाबा बसले होते. पूर्ण नाव हिमानंद महाराज, पण एवढं लांब कोण म्हणणार? समोर तांब्याचा लोटा. त्यात गावातल्याच हापशीचं पाणी, गावातल्याच पोरीनं भरून आणलेलं. बाबांनी झोळीतून मूठभर पांढरी पावडर काढली, लोट्यात सोडली, चमच्यानं घोळली, डोळे मिटून फुंकर मारली. आणि लोटा लोकांत फिरवायला दिला.

"अगं माय! बर्फच!"

"मले दे, मले दे!"

लोट्याला बाहेरून घाम फुटला होता. म्हाताऱ्या तो गालाला लावत होत्या, पोरं पोटाला लावत होती.

"भक्तहो, ये पावडर नहीं है! ये हिमालय की सांस है!" बाबा माइकमध्ये ओरडले. "कंपनीवाले एसीवर पाच तारे चिकटवतात. फक्त पाच! माझ्या पुडीवर सत्तावीस नक्षत्रं आहेत! त्यांचा एसी करंट खातो. माझं हिमबीज करंटलाच खाऊन टाकतं!"

"म्हणजे काय?" हेमराजनं शेजारी उभ्या मुखरूला विचारलं. हेमराज गावच्या शाळेत मास्तर. मुखरू त्याच्या घराशेजारचा, धानाची शेती करणारा.

"मले का माहीत, मास्तर? पण बम भारी बोलते."

बाबांनी मग नियम सांगितले. पुडी कूलरच्या टाकीत टाकायची. पंप बंद करायचा, म्हणजे करंट वाचला. कूलरच्या जाळीतली घास कोरडी ठेवायची, ओली घास हिमबीजाला चालत नाही. आणि खोलीची सगळी दारं-खिडक्या गच्च लावायच्या. "थंडी ही लक्ष्मी आहे. खिडकी उघडी दिसली की निघून जाते, शेजाऱ्याच्या घरी!"

मांडव हसला. पुड्या घ्यायला रांग लागली.

लोटा फिरत फिरत हेमराजच्या हातात आला. तो हसायच्या तयारीत होता, पण हसू ओठावरच राहिलं. लोटा खरोखर गार होता. पाण्यात बर्फ नव्हता, लोट्याला चोरकप्पा नव्हता. आणि रांगेत सगळ्यांत पुढे पदर पसरून त्याची मोठी बहीण उभी होती. गोकुळा.

*

गोकुळाचं घर म्हणजे टिनाची एक खोली. खाटेवर तिचा नवरा सोमाजी. एकेकाळी तलावात उतरला की जाळं भरूनच वर यायचा. हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं, अर्धं अंग लाकूड झालं. डॉक्टरांनी सुट्टी देताना साफ सांगितलं होतं, "याला गरमी झेपणार नाही. पाऊस पडेपर्यंत खोली थंड ठेवा. तेवढं जमलं तर माणूस राहील."

म्हणून तो कूलर. गोकुळाचं सगळं आयुष्य त्या खिडकीतल्या खोक्यावर अडकलं होतं. घराच्या मागून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, पण दुपारी गावातले सगळे कूलर एकदम लागले की व्होल्टेज झोपतं. पंखा कसाबसा फिरायचा. पंप नुसता घुमायचा, पाणी वर चढवायचाच नाही.

त्याच दिवशी हेमराज आत शिरला तेव्हा पंपाची वायर काढून ठेवलेली होती. मागच्या खिडकीत पोतं कोंबलेलं. कूलर कोरड्या घासेतून बाहेरची झळ आत फेकत होता, आणि ती झळ बाहेर जायला वाटच नव्हती.

"बाई, हे का करून राह्यली तू? भट्टी केली खोलीची!"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागला त्याईचा."

"खिडकी उघड आधी. कूलर म्हणजे एसी नव्हे. पाणी घासेवर वाळते, वाळताना गरमी ओढून घेते, तवा हवा गार होते. हवा एकीकडून आली तं दुसरीकडून गेली पाह्यजे. पंप नाई चालत तं मगानं घासेवर पाणी टाक. आन् मी कवाचा सांगून राह्यलो, टिनाले चुना मार, वरतून धानाचं तनीस टाक. मी चढतो वर."

"तनीस टाकाले तू मागच्या साली बी चढत होता." गोकुळानं पोतं अजून आत दाबलं. "तुह्या तोंडून कवा थंडी नाई निघाली. बाबाच्या हातून निघाली. म्या सोताच्या गालाले लावून पाह्यली."

हेमराजनं पोतं ओढून काढलं. तिनं ते परत कोंबलं. दोघं भावंडं त्या खिडकीशी झोंबत होती आणि खाटेवरचा माणूस एका डोळ्यानं बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं.

शेवटी गोकुळा रडकुंडीला आली. "एकच सांग, भाऊ. लोटा थंडा कसा झाला? सांग, आत्ताच खिडकी उघडीन."

हेमराजची नजर कोपऱ्यातल्या पुड्यांवर गेली.

"मंग जाय," ती म्हणाली. "शाळेत शिकव."

जाताना त्यानं कोपऱ्यातली एक पुडी उचलली, एवढंच.

*

घरी येऊन त्यानं पुडी उघडली. कापराचा वास. पांढरी, बारीक. घामेजल्या तळव्यावर ठेवली तर तळवा गार पडला. जिभेला लावायची हिंमत झाली नाही. मग त्यानं जुन्या पळीत चिमूटभर टाकून गॅसवर धरली. आधी कापूर उडाला. मग पावडर वितळली, आणि असा उग्र वास सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. न झाडलेल्या गोठ्याचा वास.

तो तसाच भिंतीपलीकडे ओरडला, "मुखरूभाऊ! युरिया हाय का घरी?"

"हाय ना, आरधं पोतं. आत्ता युरिया? उन्हानं डोकं फिरलं का, मास्तर?"

दोघांनी युरिया पाट्यावर वाटला. कापूर मिसळला. लोट्यात पाणी, वर मूठभर पावडर, घोळलं. मुखरूनं लोट्याला हात लावला आणि पटकन मागे घेतला. मग स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

"अबे! धानाची रोवणी झाल्यावर फवाऱ्याची बादली घोळतो तवा अशीच गार पडते! दरसाल हात घालतो आपण यात!"

तेच तर होतं. युरिया पाण्यात विरघळताना पाण्यातली गरमी ओढून घेतो. अख्ख्या गावाच्या हाताला हे ठाऊक होतं. पण पावसाळ्यात त्या गारव्याचं कोणाला काय कौतुक? आणि उन्हाळ्यात युरिया कोण घोळतो? बाबानं त्यांचंच खत वाटून, कापूर लावून, त्यांनाच विकलं होतं. लोटाभर पाण्यात मूठभर टाकलं म्हणून लोटा गारठला, आणि तोही घडीभर. कूलरच्या भरल्या टाकीत पुडी टाकली तर पाण्याला कळतसुद्धा नाही. एक लिटर पाणी घासेवर वाळताना जेवढी गरमी नेतं, तेवढी अशा डझनभर पुड्या नेत नाहीत. आणि बाबानं नेमकं तेच वाळणं बंद करायला सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दुपारी हेमराज लोटा आणि युरिया घेऊन निघाला तो आधी बहिणीच्या घरी. दाराला बाहेरून कडी. आतून पंख्याची घरघर. शेजारीण म्हणाली, "सोमाजीभाऊ सकाळपासून कण्हून राह्यले, म्हणून गोकुळा दुसरी पुडी आणाले गेली."

त्यानं कडी काढायला हवी होती. पण त्याला वाटलं, तिला पटलं पाहिजे, नाहीतर ती पुन्हा पोतं कोंबेल. तो मांडवाकडे पळाला. बाबा तिथं आजही लोटा फिरवत होता.

"थांबा!" तो सरळ पाटापुढे गेला. "मीबी थंडी काढून दाखवतो. हे पाहा, युरिया. मुखरूभाऊच्या घरचा."

मुखरूनं मान हलवली. हेमराजनं लोट्यात युरिया टाकला, घोळला, पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. लोटा फिरला. हेमराजला वाटलं, जिंकलो.

बाबाच्या कपाळावर घाम आला होता. एक क्षण तो खरंच घाबरला. मग त्याला सुचलं. तो पाटावरून उठला, दोन्ही हात वर केले.

"देखा! काल या मास्तरनं माझा लोटा हातात घेतला होता! मेरी सांस इसके हाथ में उतर गई! अब युरिया भी हिमबीज बन गया!"

"बाबा की जय!"

"मास्तरची बी जय!"

आणि लोक हेमराजच्या पाया पडायला लागले. तो मागे सरकला तर मागूनही पाय धरले. "अरे युरिया हाय तो! तुमी घरी घोळून पाहा!" तो ओरडत होता. एक बाई म्हणाली, "आमच्यानं कुठी होते, मास्तर? आमच्या हातात नाई ना काई."

गर्दीतून गोकुळा आली. तिचे डोळे भरले होते, आनंदानं. "भाऊ, तुह्याच हातात आलं! चाल घरी, त्याईच्यावर फुंकर मार!"

"बाई, खिडकी! खिडकी उघडायची फक्त!"

"हव, उघडतो ना. तू म्हणशीन ते करू. चाल लवकर."

ते पळत घरी आले. कडी काढली तर आतली हवा तोंडावर आदळली, भात उकळतानाचं झाकण काढल्यासारखी. सोमाजीचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. हेमराजनं पोतं उपटलं, चादर भिजवून अंगावर टाकली, घासेवर बादली ओतली. खरी गार हवा आत आली. सोमाजीची बंडी फडफडली. मुखरूनं फोन करून गाडी बोलावली. गोकुळा मात्र भावाचा हात धरून नवऱ्याच्या छातीवर दाबत होती. "फुंकर मार ना. काऊन नाई मारत?"

गाडी आली तेव्हा सोमाजीचा श्वास थांबला होता, न्यायला कोणी उरलं नव्हतं.

*

बाबा त्याच संध्याकाळी भद्रावतीकडच्या गावाला निघून गेला. कोणी अडवलं नाही, उलट वेशीपर्यंत पोचवलं. गावात ठरलं की मास्तरनं बाबाला मधेच आव्हान दिलं म्हणून थंडी कोपली. गोकुळानं भावाला घरी येऊ नको म्हणून निरोप पाठवला. तिचा राग त्यानं बाबाला आव्हान दिल्याचा नव्हता. त्याच्या हातात शक्ती असून त्यानं फुंकर मारली नाही, याचा होता.

आणि मुखरू? ज्यानं स्वतःच्या हातानं युरिया वाटला, तो मुखरू एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "पण खरं सांग, मास्तर. बाबाच्या हातचा लोटा जरा जास्तच थंडा होता. नाई का?"

हेमराजनं चुन्यात कुंचला बुडवला. तो टिनावर चढून चुना मारत होता, स्वतःच्या घराच्या. दुसरं कोणी चढू देत नव्हतं.

गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही, कारण सुधारलं नाही. तुम्हाला मात्र सांगतो. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा. घास ओली राहू द्या, घाण झाली की बदला. टिनाला चुना मारा, वर तनीस म्हणजे धानाचा पेंढा टाका, करंट कमी लागेल आणि खोलीही थंड राहील. यात फुंकर कुठेच नाही. कोणी हातातून थंडी काढून दाखवली तर पाया पडण्याआधी विचारा, पुडीत काय आहे? तीच वस्तू आपल्या हातानं घोळून पाहा. गार पडली तर ती वस्तूची करामत आहे, बाबाची नाही आणि तुमचीही नाही. एवढं डोकं चालवायला सत्तावीस नक्षत्रं लागत नाहीत. आणि घरात आजारी माणूस असेल तर आधी कडी काढा. वाद नंतर घाला.