नडगीवरचा आवाज

पोरांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही भिंगारच्या मैदानावर उभे आहात. ओठांत शिट्टी आहे, वय साठीला टेकलंय, गुडघे कुरकुरताहेत. समोर मुलींचा घोळका आणि नुसता धुरळा. त्या धुरळ्यातून 'टक्' असा आवाज येतो आणि एक मुलगी गोलपोस्टसमोर आडवी होते. आता सांगा, फाउल की नाही?

आसारामने शिट्टी फुंकली.

एरवी तो बाजारात सायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी शाळांच्या फुटबॉल सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचा. आज सोनईच्या मुली भिंगारच्या मुलींशी खेळत होत्या. भिंगार एका गोलने पुढे होतं आणि वेळ संपत आली होती. आसारामला पाय दिसले नव्हते. पण नडगीवर लाथ बसल्याचा आवाज तो ओळखून होता. त्याने सोनईला पेनल्टी दिली आणि मागून लाथ मारली म्हणून भिंगारच्या राजेश्वरीसमोर तांबडं कार्ड धरलं.

"काका, मी पाय लावलाच नाही! देवाशप्पथ!"

"मी कानांनी ऐकलंय, पोरी. चल, बाहेर हो."

"रेफरीला चष्मा आना रे कुनी!" काठावरून कुणीतरी ओरडलं. त्याची आसारामला सवय होती. पण राजेश्वरी बाहीने डोळे पुसत निघाली, तेव्हा मात्र चेंडू ठेवायचं सोडून तो तिच्याकडे बघत राहिला.

पडलेली सृष्टी एव्हाना उठली होती. सोनईची ही चुणचुणीत पोर. तिने मोजा खाली ओढला. आत, नडगीला मार लागू नये म्हणून, उभा चिरलेला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा होता; दुसऱ्या पायातही तसाच. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप बदलला, तेव्हा उरलेल्यातून वडिलांनी कापून दिलेला.

"काका, ह्ये ऐका." तिने एक नडगी दुसरीवर आपटली. टक्! "माजेच पाय एकमेकांत आडाकले. तिनं न्हाई पाडलं."

"सृष्टे, गप ए!" सोनईचे बजरंग सर काठावरून ओरडले. "पेनल्टी मिळालीय आपल्याला!"

"पन सर, ती उगंच बाहेर चाललीय ना!"

खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचाला निर्णय फिरवता येतो. आसारामने कार्ड खिशात घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी चूक झाली. पेनल्टी नाही. राजेश्वरी, माघारी ये."

ती धावतच आली. चेंडू भिंगारच्या गोलकीपरला मिळाला आणि थोड्या वेळाने सोनई हरली.

सामन्यानंतर आसाराम सोनईच्या टेम्पोपाशी गेला. सायकलच्या पिशवीतून त्याने जुन्या ट्यूबचे तुकडे काढले आणि खाली बसून सृष्टीच्या पाइपांवर चढवले.

"बरोबर असलो तरी लोक शिव्या देत्यात, चुकलो तरी देत्यात," तो म्हणाला. "पण कुठं चुकलो, ते मोजा काढून कुनी दाखवलं नव्हतं बघ. तुझ्यामुळं आज सुखानं जेवीन."

सृष्टी लाजली. तिने दोन्ही पाय जुळवून उडी मारली. आवाज आला नाही. मग ती टेम्पोत तोंड पाडून बसलेल्या बजरंग सरांसमोर गेली आणि तिथे उडी मारली. सरांनी मान वळवली. पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

ते पाहून तिने आणखी एक उडी मारली.